साबण चाखणारी आत्या

साबण ही खायची वस्तू नाही, हे लहान मुलालाही कळतं. आत्याला ते कळत नव्हतं अशातला भाग नाही, पण तिचं कामच ते होतं. नव्या साबणाच्या वड्या कापून फळीवर मांडल्या की चौथ्या दिवशी सकाळी ती चूळ भरून मागच्या खोलीत यायची. करंगळी पाण्यात बुडवायची, वडीच्या कापलेल्या अंगावर घासायची आणि जिभेच्या शेंड्याला लावायची. मग डोळे मिटून उभी. शेजारी वहिनी वही-पेन्सिल घेऊन उभी. पाच सेकंद, कधी दहा. आत्या "पास" म्हणाली की वहिनी वहीत तसं लिहायची आणि दोघी चहा टाकायला स्वयंपाकघरात जायच्या. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

ऐकणारा हसतो. हसू द्या. पण साबण तेलाचा आणि कॉस्टिक सोड्याचा असतो, आणि प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक निराळी. खोबरेलाला सगळ्यात जास्त लागतं, तिळाच्या तेलाला बरंच कमी, करंज आणि एरंडेल यांना त्याहूनही कमी. माप जमलं तर कॉस्टिक तेलात पुरतं मुरून जातं, वर थोडं तेल उरतं, आणि ते उरलेलं तेलच कातडी मऊ ठेवतं. माप चुकलं तर कॉस्टिक उरतं आणि ते कातडी सोलून काढतं. डोळ्यांना हे दिसत नाही, नाकालाही कळत नाही. जिभेला मात्र तत्क्षणी कळतं. टॉर्चच्या सेलला जीभ लावल्यावर बसतो ना, तसा झणका बसतो. साबणाची घाण चव तर लागायचीच, ती धरूनच चालायचं. त्या चवीच्या वर झणका लागला की अख्खा ट्रे, म्हणजे एका वेळी ओतलेला सगळा साबण, नापास.

घर दादाचं, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाचं. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि मागे एक चिंचोळी खोली. तिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात, दुसरं काही नाही. त्या खोलीत एका भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर खाली तेलाचे डबे आणि वर वड्या. कोपऱ्यात दगडी ओटा, ओट्यावर तराजू. दादा पाणीपुरवठा खात्यात होता. घरोघर जिने चढून मीटर वाचायचा. आता निवृत्त होऊन खुर्चीत बसून पेपर वाचतो. बहिणीला तो "घरचा मीटर" म्हणतो. वहिनी लग्नाआधी औषधांच्या दुकानात पुड्या बांधायची, त्यामुळे तोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. कागदाचा कपटा पारड्याला चिकटला तरी तिला झोप लागत नाही. त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. तिची ती आत्या, म्हणून साऱ्या इमारतीची आत्या. वहिनी तेवढी "वन्सं" म्हणते, आणि पुढे लगेच "तू" लावते. सुरुवातीला "वन्सं, तुम्ही" होतं. पहिला ट्रे नापास झाला त्या दिवशी भांडणाच्या भरात "तू" आलं आणि मग घरातून गेलंच नाही.

त्या पहिल्या नापासाची गोष्ट अशी. खोबरेल मध्येच संपलं. वहिनीनं उरलेल्या वजनाचं करंजाचं तेल ओतलं, पण कॉस्टिक खोबरेलाच्या हिशेबानं आधीच विरघळवून ठेवलेलं होतं. ते तसंच गेलं. ही चूक साबण करणाऱ्यांशिवाय जगात कोणी करू शकणार नाही. चौथ्या दिवशी आत्यानं करंगळी जिभेला लावली आणि "आई गं!" म्हणून जी उडी मारली, ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली. वहिनी म्हणाली, "माझं माप चुकणं शक्य नाही, तुझीच जीभ नाजूक." अर्धा तास जुंपली. मग वहिनीनं कागदावरचं गणित पुन्हा केलं, मधेच थांबली आणि ट्रे किसायला घेतला. नापास साबण फेकत नाहीत. किसून, वितळवून, वर हवं तेवढं तेल पाजून पुन्हा ओततात.

त्या दिवशी दोघींनी नियम केला. जिनं तोललं तिनं चाखायचं नाही. तोलणारीला आपलं माप बरोबरच वाटणार, मग तिची जीभही तिचीच तळी उचलून धरणार. नियम चोख होता. पहिल्या दोन वर्षांत सात ट्रे नापास झाले, पुढे चार. सगळे मिळून अकरा. अकराच्या अकरा आत्यानं जिभेवर झेलले, आणि चटक्याची एकही वडी उंबऱ्याबाहेर गेली नाही. आज चाळीस घरं यांच्याकडचाच साबण वापरतात. कोणाला खाज, कोणाला भेगा, कोणाला बाजारचा वास सोसत नाही.

आता आत्याविषयी. एकतिसाव्या वर्षी ती दोन बॅगा घेऊन भावाकडे आली. चार वर्षांचा संसार मोडला होता. दोष कोणाचा हे तेव्हा नातेवाइकांनी पोटभर चघळलं. आता त्यातल्या कोणाला आठवतही नाही, तेव्हा आपणही ते उकरायला नको. आल्यावर काही महिन्यांनी साबण सुरू झाला. वहिनीला जोडीला दुसरं माणूस हवं होतं आणि आत्या रिकामी होती, एवढंच आत्याला माहीत.

पण माणूस मनात हिशेब मांडल्याशिवाय राहत नाही, आणि परक्या छताखाली तर नाहीच. छत भावाचं असलं म्हणून काय झालं! दादा कमावतो, वहिनी घर चालवते, आणि आपण काय करतो? आपण चाखतो. हे आत्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी तिला ऐकवलंही नव्हतं. दादा तर असला भोळा सांब, की बहीण घरात आहे हे त्याच्या दोन वर्षांनी लक्षात आलं असतं. तरी आत्याच्या मनात हे पक्कं बसलं होतं की या घरातली आपली जागा जिभेच्या शेंड्याएवढी आहे. तेवढी शाबूत आहे तोवर ताटावर मान वर करून बसता येतं.

ती जीभ सत्तावन्नाव्या वर्षी गेली.

ताप आला होता. साधा, चार दिवसांचा. घरात तिघांनाही आला, तिघांचाही उतरला. पाचव्या दिवशी आत्यानं चहा घेतला तर नुसतं पाणी. बिस्किट घेतलं तर पुठ्ठा. तापानंतर तोंडाला चव नसते, त्यात काय एवढं, म्हणून तिनं चार दिवस सोडून दिले. मग आठ दिवस झाले. नवव्या दिवशी वहिनी बाजारात गेलेली पाहून तिनं टोपलीतली सगळ्यात बारीक, सगळ्यात जहाल मिरची निवडली आणि देठापर्यंत चावून खाल्ली. काकडी खाल्ल्यासारखी. दुसरी खाल्ली. तीही काकडीच. आत्या ओट्याला टेकून उभी राहिली.

ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर काढायला जाते. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, उजेड पाडून पाहिली, आत घाला म्हणाले.

"येईल परत," ते म्हणाले.

"कधी?"

"कोणाची महिन्यात येते, कोणाची वर्षात."

"आणि नाही आली तर?"

"मग गरम जरा जपून प्या. कळणार नाही, भाजेल."

एवढं ऐकायला ती तास-दीड तास बाकावर बसली होती. घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, "निघाला का नंबर?" आत्या म्हणाली, "आहे तोच आहे."

सांगायचं की नाही, हा विचार तिनं दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी चाखायचा ट्रे समोर आला आणि विचार करायला वेळच उरला नाही. करंगळी भिजवली, घासली, जिभेला लावली. काही नाही. साबणाची घाण चवसुद्धा नाही. वहिनी पेन्सिल धरून उभी. आणि आत्याच्या तोंडून निघून गेलं, "पास."

एकदा निघालं की पुढचं सोपं असतं. तिनं मनाला समजावलं की गेल्या नऊ वर्षांत एकही ट्रे नापास झालेला नाही. वहिनीचा तराजू चुकत नाही. मग "पास" म्हणायला जीभ लागते कशाला? हे पटलंही. फक्त पाठोपाठ दुसरा विचार आला, की मग ती नऊ वर्षं तरी कशाला लागत होती? तो विचार मात्र तिला सहन झाला नाही. ती तेलाचे डबे पुसायला लागली.

असे दीड महिन्यात चार ट्रे पास झाले. वड्या सहा आठवडे फळीवर मुरतात, मग बाहेर जातात, म्हणून पहिल्या ट्रेची वेळ आता भरत आली होती. पहिल्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंची नात महिन्याची होती. त्या दोनदा वर येऊन सांगून गेल्या होत्या, "आत्या, बाळासाठी दोन वड्या काढून ठेवा हं. तुम्ही चाखलेला म्हणजे डोळे मिटून वापरावा." आत्यानं मान हलवली होती. त्या जिना उतरून गेल्यावर तिनं दार लावलं. ही बाई डोळे मिटून बाळाला साबण लावणार, आणि आपण डोळे मिटून पास म्हणणार. नको नको ते मनात यायला लागलं.

त्याच आठवड्यात जेवताना दादानं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय हे! मिठाची गोण सांडली का भाजीत?" आत्याची अर्धी भाजी संपली होती. ती घाईघाईनं म्हणाली, "हो, जरा खारट झालीय खरी." वहिनीनं दादाची वाटी उचलली आणि आत्याकडे बघत बघत भाजी परत पातेल्यात ओतली. आत्या मान खाली घालून जेवत राहिली.

त्यानंतरचा ट्रे पाचवा. पाच किलो तेलाचा, नेहमीचा: दोन खोबरेल, दीड तीळ, एक करंज आणि अर्धा एरंडेल. कापायचं कामही आत्याचंच. ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं साचा उघडला, लादी फळीवर उलटी केली आणि लांब पात्याची सुरी लावली. साबण कापताना सुरी लोण्यातून जावी तशी जायला हवी. ही गेली नाही. शेवटच्या बोटभर जागेत लादी कडकन तुटली आणि कडेचा भुगा झाला. तिनं दुसरी वडी कापली. पुन्हा भुगा. वरून पाहावं तर रंग चांगला, अंग गुळगुळीत. थंडीनं असं होतं का? तशी काही थंडी नव्हती. खोबरेल जास्त पडलं तरी साबण असा टणक होतो, पण वहिनीच्या हातून खोबरेल जास्त पडेल? आत्यानं भुगा गोळा करून बाजूला ठेवला आणि सगळ्या वड्या कापून मांडल्या. वहिनीला काही बोलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळ झाली. दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. आत्या चूळ भरून आली. वहिनी आधीच उभी होती, वही उघडून. तिची पेन्सिल नेहमी कागदाला टेकलेली असायची. आज ती हवेत होती. पण आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

करंगळी. पाणी. वडी. जीभ. डोळे मिटले.

नेहमीप्रमाणे काही नाही. आत्यानं जीभ टाळ्याला लावली, दातांवर फिरवली, थुंकी गिळली. काहीच नाही. पास म्हटलं की सुटका. पण सुरी कडकन अडकली होती, तो धक्का तिच्या मनगटात अजून होता. पास म्हणावं, तर हा साबण कोणाच्या अंगाला लागेल कोण जाणे. नापास म्हणावं, तर उगाच ट्रे किसायला लागणार, वहिनी गणित पुन्हा करणार, आणि ते बरोबर निघालं तर सगळं बिंग फुटणार. दहा सेकंद झाले. पंधरा झाले.

"लिहू का?" वहिनीनं विचारलं.

"नापास," आत्या म्हणाली.

वहिनीच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती घडवंचीवर बसली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. आत्याला वाटलं, रडते की काय. पण ती हसत होती.

"अगं बाई!" वहिनी म्हणाली. "म्हणजे आहे! जीभ आहे तुझी! आणि मी वेडी दोन महिने जिवाला घोर लावून बसले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मीच घातलं त्यात. सव्वाशे ग्रॅम कॉस्टिक जास्त घातलं. मोजून."

आत्याला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. "मोजून? तू माझी परीक्षा घेतलीस? सव्वीस वर्षं मी तुझ्या शेजारी उभी राहते आणि तू मला सापळा लावलास?"

"मग काय करायचं होतं मी? पूर्वी तू इथे ताटकळत उभी राहायचीस. आता करंगळी तोंडापर्यंत जायच्या आत पास म्हणतेस. भाजीत मी मुद्दाम दुप्पट मीठ घातलं, तू अर्धी संपवलीस! मी म्हटलं आज सांगेल, उद्या सांगेल. तू मूग गिळून बसलेली. चष्म्याचा नंबर म्हणे! चष्मा तर घरीच टीव्हीवर होता."

"विचारायचं होतंस."

"आणि तू म्हणाली असतीस, आहे तशीच आहे."

हे खरं होतं, त्यामुळे आत्या जास्तच चिडली. "आणि मी आज पास म्हटलं असतं तर?"

"तर हा ट्रे बाजूला काढला असता. आधीचे चारही काढूनच ठेवलेत, त्या मोठ्या डब्यामागे. एक वडी बाहेर गेलेली नाही. शिलाईवाल्या बाईंना मी सांगितलं, अजून मुरतोय."

"आणि मला? मला काय सांगितलं असतंस?"

"तेच तर सुचत नव्हतं," वहिनी म्हणाली. "चार दिवस अन्न गोड लागत नाहीये मला. पण जाऊ दे आता. नापास म्हणालीस ना! सुटले मी."

सगळं जिथल्या तिथे बसलं होतं. आत्याला फक्त गप्प बसायचं होतं. वहिनीनंच तिला उत्तीर्ण केलं होतं, तेही स्वतःच्या हातानं काढलेल्या पेपरात. महिन्या-दोन महिन्यांत जीभ आली असती तर प्रश्नच मिटला. आत्यानं मांडणीकडे पाहिलं, वड्यांकडे पाहिलं, आणि तिच्यानं राहवलं नाही.

"जिभेला काही लागलं नाही, वहिनी."

"काय?"

"सुरीला लागलं. कापताना भुगा झाला होता, म्हणून अंदाजानं म्हटलं. जीभ मेलीय माझी. तापानंतर गेली ती गेलीच. मिरची चावून बघितली, दोन खाल्ल्या. आधीच्या चारही वेळा मी थापाच मारल्या."

वहिनीचं हसू तोंडावरच विरलं. बाहेरच्या खोलीत पेपराचं पान उलटल्याचा आवाज झाला.

"आता सांगून टाकलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिला त्याची लाज वाटली. "आता मी या घरात कशाला, ते तूच सांग. तोलायला तू आहेस. चाखायला मी होते. तेवढ्यावर तर राहिले इथे."

वहिनी उठली. ती चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. "काय म्हणालीस? तेवढ्यावर? तू इथे साबण चाखायला आली होतीस? तू आलीस तेव्हा साबण होता का या घरात? आठव जरा. तीन महिने तू या खिडकीत बसून होतीस, त्या पाइपांकडे बघत. जेवायला हाक मारली की अर्धं जेवून उठायचीस, वर म्हणायचीस माझी भूकच कमी. तुझा दादा मला विचारायचा, हिला काय झालंय, आणि मी काय सांगणार होते? म्हटलं, हिच्या हाताला काहीतरी काम दिलं पाहिजे, आणि ते असं पाहिजे की माझं एकटीचं अडलं पाहिजे. तेलवाल्याला विचारलं, त्यानं साबण सांगितला. त्यानं पापड सांगितले असते तर पापड केले असते! मला साबणाची काय हौस होती? मला त्या करंजाच्या वासानं आजही मळमळतं."

"मळमळतं?"

"पहिल्या दिवसापासून. ओतताना नाकाला फडकं बांधते ते काय नटायला?"

आत्याला वाटायचं, ते कॉस्टिकच्या वाफेसाठी. सव्वीस वर्षं तिला तसंच वाटत आलं होतं. ती घडवंचीवर बसली. तिला रडू आलं. तिनं ते थांबवलंही नाही. वहिनी शेजारी बसली. वहीनं वारा घालायला लागली, जणू आत्याला उकडतंय.

"मग बंद करू या," नाक पुसत आत्या म्हणाली. "तुला इतका त्रास होतो तर..."

"आता बंद? डोकं फिरलंय? चाळीस घरांना काय तोंड दाखवू? आणि परवा तेलवाला पंधरा किलो करंज आणून टाकणार आहे. ते काय मी केसांना लावू?"

"मग चाखणार कोण?"

दोघींनी एकाच वेळी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. दादानं पेपर खाली केला नाही. पेपराच्या आडूनच त्यानं सांगितलं, "मी आयुष्यभर मीटर वाचले. या वयात मीटर होणार नाही. माझं नाव काढू नका." म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मी चाखीन," वहिनी म्हणाली.

"तुला चालणार नाही. तोलणारीनं चाखायचं नाही."

"मग तू तोल."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. ओट्यावरच्या तराजूला वहिनी कोणाला हात लावू देत नसे. दादानं एकदा त्यावर स्क्रू तोलले होते, तर आठवडाभर घरात अबोला होता. "तराजू देशील माझ्या हातात?"

साबण चाखायचं वहिनीनं एका शब्दात कबूल केलं होतं. यावर मात्र तिला विचार करावा लागला. "देईन," ती शेवटी म्हणाली. "पण पारडी कोरड्या फडक्यानं पुसायची. आणि कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही."

"ते मला माहीत आहे."

"माहीत असलं तरी मी सांगणार."

मग ते आधीचे चार ट्रे राहिले. ते आज ना उद्या कोणीतरी खरं चाखायला हवे होते, आणि शिलाईवाल्या बाईंचं बाळ काही थांबणार नव्हतं. वहिनी म्हणाली, डब्यामागून काढते. आत्यानं तिला अडवलं. झणका म्हणजे काय हे ज्या जिभेला ठाऊकच नाही, ती पास कशाला म्हणणार आणि नापास कशाला? आधी नापासाची ओळख हवी. आणि नापास साबण तर समोरच मांडलेला होता, सव्वाशे ग्रॅम मोजून घातलेला.

वहिनीनं वडीकडे पाहिलं. तिनं जन्मात कधी साबण तोंडाजवळ नेला नव्हता. दात घासतानाही फेस गिळायची भीती वाटणारी बाई ती. "किती लावायचं?" तिनं विचारलं.

"नखाएवढं. करंगळी भिजव. घास. शेंड्यालाच लाव, आत नेऊ नकोस."

वहिनीनं करंगळी भिजवली. वडीवर घासली. डाव्या हातानं नाक दाबून धरलं, डोळे घट्ट मिटले आणि जीभ बाहेर काढून करंगळी टेकवली.

एक सेकंद काही झालं नाही. मग ती किंचाळली. वही पडली, पाण्याची वाटी लवंडली आणि वहिनी तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. दादा पेपरासकट दारात येऊन उभा राहिला. वहिनीनं चूळ भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. नळ बंद केला, पुन्हा सोडला आणि चौथी भरली. परत आली तेव्हा डोळे लालभडक, नाकातून पाणी, आणि जीभ ओठांच्या बाहेर धरलेली.

"वन्सं," ती म्हणाली, "सव्वीस वर्षं तू हे रोज करत होतीस?"

"रोज कुठे?" आत्या म्हणाली. "तू चुकायचीस तेव्हाच."